नाक घासून मांजर शिकत नसतं!

काल रात्री आत्याबाईंनी आमच्या पिल्लाची मान धरली आणि वाकळीवरच्या ओल्या डागात त्याचं तोंड घासलं. अडीच महिन्यांचंही नाही हो ते अजून. ते किंचाळलं, दिवाणाखाली घुसलं आणि सकाळपर्यंत बाहेर आलं नाही. वर आत्याबाई मलाच म्हणतात, "असंच शिकवाव लागतंय, न्हाईतर जन्मभर घरातच मुतायलंय बघ ते."

काय शिकलं मग ते? माणूस दिसला की पळायचं, एवढंच! मांजराला मारलं, नाक घासलं तर त्याला जागेचा अर्थ लागत नाही, फक्त तुमची भीती बसते. मग ते तुमच्यासमोर करत नाही, फ्रिजच्या मागं करतं, कपाटाच्या खाली करतं. आज सकाळी तेच झालं. आणि पुन्हा शिव्या कुणाला? पिल्लाला!

आता मूळ कारण ऐका. पिल्लांचं वाळूचं टोपलं मागच्या खोलीत कोपऱ्यात होतं. दोघं बहीणभाऊ निमूट तिथं जायचे, उकरायचे, झाकायचे. आत्याबाई आल्या, त्यांना वास आला, त्यांनी मला न विचारता टोपलं उचलून कूलरला चिकटवून ठेवलं. आमच्याकडचे कूलर तुम्हाला माहीत आहेत. चालू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या घरघरीत एवढासा जीव बसेल का? त्याला मऊ, शांत जागा पाहिजे होती, ती वाकळीत मिळाली. आणि त्याच्या वाटीपासून टोपलं हातभर अंतरावर! खातो तिथं मांजर घाण करत नाही, ही त्याची शिस्त आहे. दोन पिल्लांना तीन टोपली ठेवावीत, असं जाणकार सांगतात. मी हे म्हटलं तर घरात सगळे हसले. हसा!

मग फिनाईल. प्रत्येकाला फिनाईलच सुचतं. अर्धी बाटली ओतली फरशीवर. अहो, फिनाईलमध्ये असणारी फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही, विषबाधा होते. ते फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं, हे कुणी बघितलंय की नाही? बरं, फिनाईलनं वास जातो का? आपल्या नाकाला जातो, त्याच्या नाकाला नाही. मुतातलं युरिक ॲसिड साबणपाण्यानं पूर्ण निघत नाही. ते एन्झाइमवाल्या क्लीनरनं निघतं आणि तो आमच्या गावात एकाही दुकानात मिळत नाही. पार्सलची वाट बघा! तोवर व्हिनेगर आणि पाणी. पाणी! नळ आठवड्यातून एकदा येतो. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात वाकळ धुवायची म्हणजे काय, हे आम्हालाच ठाऊक. तरी मी धुतली. आईच्या जुन्या लुगड्यांची आहे ती, टाकणार नाही.

ज्यानं पिल्लं दिली त्याचाही राग आहेच माझा. "एकदम ट्रेन्ड आहेत, काही टेन्शन नाही." दूध सुटायच्या आत आईपासून तोडली होती, जुलाब लागलेले होते, जंताचं औषध दिलेलं नव्हतं. जुलाब लागलेलं पिल्लू टोपल्यापर्यंत पोचेल कसं? शेजारच्या काकू तर वाटीभर गाईचं दूध घेऊन हजर. मांजरांना ते पचत नाही, जुलाब वाढतात. सांगितलं तर तोंड वाकडं.

दवाखान्यात नेलं तर तिथं काय? "गाय-म्हैस असती तर बघितलं असतं. मांजराला कुठं दवाखाना असतोय का?" बोका सारखा लघवीला बसतोय, कुंथतोय आणि थेंब येत नाही, असं दिसलं तर ते हट्टानं करत नाही. बोक्याची लघवीची वाट अडकली तर दोन दिवसांत जीव जातो. हे कुणीतरी या लोकांना ओरडून सांगा. आमच्या पिल्लाला तसं काही नव्हतं, तरी मला ते तपासून हवं होतं, आणि मला दारातून परत पाठवलं.

आणि आज दुपारी आत्याबाईंचा नवा उपाय. पोतं काढलं! "मोंढ्यात सोडून ये. तिथं उंदरं लई हायेत, जगतील." जगत नाहीत हो. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, तिथं ट्रक असतात, कुत्री असतात, उन्हाळ्यात पाणी नसतं. ज्यांना अजून वाटीतलं आयतं द्यावं लागतं, ती उंदीर मारणार? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराचे उपासमारीनं, तहानेनं हाल होतील असं त्याला सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. म्हणूनच प्रत्येक घरात एक पोतं तयार असतं.

मी पोतं हिसकावून घेतलं. टोपलं परत मागच्या खोलीत गेलंय, दुसरं आलंय, तिसरं उद्या आणणार. आत्याबाईंना वास येत असेल तर त्यांनी पुढच्या खोलीत झोपावं. पिल्लं कुठंही जाणार नाहीत.