खोबरेल तेल सूक्ष्मदर्शकाला चालत नाही

गोव्यात फोंडा, डिचोलीकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘१०० पटीच्या वस्तुभिंगाला घरचे खोबरेल तेल लावा, काम झाल्यावर पुसू नका, तेलाच्या थराने पावसाळ्यात बुरशी लागत नाही.’ शाळांतल्या मोजक्या सूक्ष्मदर्शकांची काळजी वाटते, म्हणून सांगतो: यातली एकही गोष्ट बरोबर नाही.

या वस्तुभिंगाला, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाला, तेल लागते हे खरे, पण ते काचेशी जुळणारे हवे. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) साधारण १.५२, इमर्शन तेलाचा, म्हणजे या भिंगासाठीच्या खास तेलाचा, १.५१५च्या आसपास, म्हणून काचपट्टीतून निघालेला प्रकाश न वळता भिंगात शिरतो. खोबरेलाचा जेमतेम १.४५, प्रतिमा धूसर होते. शिवाय ते २४ अंशांखाली थिजते. तेल भिंगावर राहिले तर वाळून चिकट होते, धूळ धरते. काम संपताच लेन्सपेपरने (भिंगे पुसायच्या मऊ कागदाने) अलगद टिपून घ्या. रुमाल नको, शर्टाची बाही तर नकोच. ४० पटीचे भिंग बहुधा कोरडे वापरायचे असते, तिथे तेल पोचू देऊ नका.

बुरशी रोखायची तर ओल रोखा. आपल्या आषाढ-श्रावणात नुसती प्लास्टिकची पिशवी ओल आत कोंडते. बंद पेटीत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवा. त्याचे निळे दाणे ओलीने गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. सूक्ष्मदर्शक उचलताना एक हात त्याच्या उभ्या दांड्याला, दुसरा बैठकीखाली.