साने गुरुजींनी कुठलं ॲप वापरलं होतं?

गेल्या महिन्याभरात हा मजकूर माझ्याकडे चार व्हॉट्सॲप गटांवरून आला. दोन शिक्षकांचे गट, एक माहेरच्या गावाचा आणि एक आमच्याच शाळेतल्या पालकांचा. थोडक्यात तो असा: शिक्षकांचं डिजिटल प्रशिक्षण म्हणजे शुद्ध धूळफेक. साने गुरुजींनी कुठलं ॲप वापरलं होतं? खऱ्या शिक्षकाला साधनं लागत नाहीत. आजचे गुरुजी व्हिडिओ लावून झोपतात आणि सकाळी प्रमाणपत्राचा फोटो टाकतात. सातपुड्यात रेंज नाही, तिथे हे शहरी लाड कशाला? पन्नाशीच्या शिक्षकांना यातलं काही जमत नाही. तेव्हा शिक्षकाच्या हातातला मोबाईल काढा, खडू द्या, शाळा आपोआप सुधारेल. पटलं तर पुढे पाठवा.

साक्री तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी सतरा वर्षं शिकवते आहे. या मजकुरातलं काही मला पटलं, पण त्यावरून जो निष्कर्ष काढलाय तो मुळीच पटला नाही.

आधी गुरुजींबद्दल. लिहिणारा भाऊ आपल्या खान्देशातलाच असणार, नाहीतर इतक्या हक्काने गुरुजींचं नाव कोण घेईल? मग त्याला हेही ठाऊक हवं की १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना गुरुजी वसतिगृहही सांभाळत होते आणि तिथल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत होते. वर्गातले तास, मुलांची दुखणीखुपणी, आणि त्यावर हे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं. घंटा झाली की तास संपतो, पण मुलांशी बोलायचं संपत नाही. ते बोलणं पोचवायला त्यांनी हाताशी असलेली वाट धरली. तेव्हा ती कागद-शाईची होती, पुढे छापखान्याची झाली. साधन हातात घ्यायला गुरुजी कधी कचरले नाहीत. त्यांचं नाव साधनांविरुद्ध वापरलेलं मनाला लागलं, म्हणून तर हे लिहायला बसले.

प्रमाणपत्रांचं मात्र खरं आहे. एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा व्हिडिओ ओट्यावर लावून मी स्वतः भाकरी थापल्या आहेत. शेवटची प्रश्नमंजुषा कितीही वेळा देता येत होती. तिसऱ्या खेपेला उत्तरं पाठ झाली, विषय नाही. पण ‘शिक्षक आळशी’ एवढं म्हणून विषय मिटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. त्याच वाक्यात पुढे हेही आहे की ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावेत. खाली गावापर्यंत पोचेपर्यंत ५० हा आकडा शिल्लक राहिला आणि आवड वाटेत गळून पडली. कारण उघड आहे. केंद्र सरकारचं ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी समोरासमोर सुरू झालं आणि कोरोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवर ऑनलाइन आलं. इतक्या लाखांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला व्हिडिओ शेवटपर्यंत गेला की नाही एवढंच दिसतं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात काय बदललं, ते तिला दिसत नाही. मग माणसं व्हिडिओ शेवटपर्यंत नेतात.

नुसत्या उपकरणांनी काही होत नाही, हेही मान्य. पेरू देशात मुलांना लाखो लॅपटॉप वाटले गेले आणि तपासणी केली तेव्हा वाचन-गणितात फरक आढळला नाही. युनेस्कोनेही २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालात, शिकवण्याची पद्धत न बदलता उपकरणं वाटण्याबद्दल याच उदाहरणावरून इशारा दिला. दक्षिण आफ्रिकेत याहून बारीक तपासणी झाली. काही शाळांतल्या शिक्षकांना वर्गात येणारा मार्गदर्शक दिला, काहींना टॅबलेटवरचे पाठ आणि फोनवरून बोलणारा मार्गदर्शक. पहिल्या वर्षाअखेर दोघांचा परिणाम जवळपास सारखा होता. तीन वर्षांनंतर वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाच्या शाळा पुढे गेल्या. म्हणजे माणूस लागतोच. पण मोबाईल काढून घेतला म्हणून तो माणूस माझ्या शाळेत येत नाही.

आणि या मजकुराची खरी चूक इथेच आहे. वरून सोडलेला व्हिडिओ आणि शिक्षकाने स्वतःच्या वर्गाकडे वळवलेला मोबाईल, दोन्हींना त्याने एकाच नावाने हाक मारली आहे. स्वतःच्या वर्गाकडे वळवलेल्या मोबाईलने माझं काय केलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आम्ही पाच जणांनी ठरवलं की प्रत्येकाने आपल्या तासाची वीस मिनिटं मोबाईलवर नुसती ध्वनिमुद्रित करायची. व्हिडिओ नाही, म्हणजे मुलांचे चेहरे कुठे जाणार नाहीत. आधी एकट्याने ऐकायचं. त्यातली तीन मिनिटं स्वतः निवडायची आणि पुढच्या परिषदेत बाकीच्या चौघांना ऐकवायची. ऐकणाऱ्यांनी काय ऐकू आलं तेवढंच सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि हे पाळणं आम्हा मास्तर मंडळींना सगळ्यात जड गेलं.

माझा तास दुसरीच्या वजाबाकीचा होता. टोपलीत १२ पेरू, ५ वाटले, किती उरले? रात्री भांडी झाल्यावर ऐकायला बसले. प्रश्न विचारून संपतोय तोच माझा आवाज: “सांगा, सांगा लवकर, बारातून पाच गेले...” मुलांना श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मग मागच्या ओळीतून एक बारीक आवाज येतो, “सात उरनात.” आणि लगेच मी: “‘उरनात’ नाही, ‘उरले’ म्हण.” तो पोरगा ‘उरले’ म्हणाला. त्यानंतरच्या अकरा मिनिटांत त्याचा आवाज पुन्हा कुठेच नाही.

उत्तर बरोबर होतं. मी ते बरोबर आहे असं म्हटलंसुद्धा नाही. तास संपल्यावर मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्या मुलाची भाषा सुधारली. मोबाईल नसता तर आजही तेच सांगत असते. माझं स्वतःचं बालपण अहिराणीत गेलं. ‘बठ्ठा’ला ‘सर्व’ म्हणायला शिकताना मी किती दिवस गप्प बसले होते ते मला आठवतं. तरी वर्गात उभी राहिले की माझ्या कानाला ते ऐकू येत नव्हतं.

ही एकट्या माझी गोष्ट नाही. अमेरिकेत मेरी बड रोव या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या शेकडो टेप ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो. तो तीन सेकंद थांबायला लागला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलायला लागतात. त्यांच्याकडेही साधनच होतं, टेपरेकॉर्डर. एक सेकंद की तीन सेकंद, हे बोलणाऱ्याला बोलताना कळत नाही. कितीही प्रामाणिक शिक्षक असो, कितीही वर्षांचा अनुभव असो. ते बाहेरूनच ऐकावं लागतं.

आता मी प्रश्न विचारला की मनात तीनपर्यंत मोजते. उत्तर अहिराणीत आलं तर आधी “बरोबर” म्हणते, मग तेच वाक्य प्रमाण मराठीत स्वतः म्हणते, मुलाला परत म्हणायला लावत नाही. पिंपळनेरकडच्या एका बाईंच्या वर्गात कोकणी आणि भिली बोलणारी मुलं आहेत. त्यांच्या तीन मिनिटांत सगळी उत्तरं पुढे बसलेल्या त्याच तिघांची होती. ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी मुलांना बसवायची रचनाच बदलली. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि याचं प्रमाणपत्रही नाही.

रेंजचं म्हणाल, तर रेकॉर्डरला रेंज लागत नाही. ‘दीक्षा’वरचं साहित्यही एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. माझी डी.एड.ची मैत्रीण अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. ती शनिवारी शहाद्याला उतरते तेव्हा लागेल ते उतरवून घेते. आठवड्यातून दोनदा टेकडीवर रेंज मिळाली की तिचे आवाजी निरोप एकदम सात-आठ येऊन पडतात: पावरी बोलणाऱ्या मुलांना जोडाक्षरं कशी दिली, काय फसलं, मी काय करते. मला तिच्या मुलांची भाषा येत नाही, तिला माझ्या नाही, तरी आमचं बरंच जुळतं. शहरातल्या शिक्षकाला मधल्या सुट्टीत विचारायला शेजारी दहा माणसं असतात. तिच्या शाळेत ती आणि एक शिक्षक, आणि तेही बैठकीला गेले की ती एकटी. नर्मदेकाठच्या काही गावांना तर पावसाळ्यात बोटीशिवाय वाट नाही. मग याला शहरी लाड कसं म्हणायचं? याची सगळ्यात जास्त गरज पाड्यावर आहे. रेंज नाही ही टॉवर मागायची गोष्ट आहे, आणि तोवर कमी नेटवर चालेल असंच साधन निवडायची.

पन्नाशीचं फार बोलायला नको. आमच्या पाचांत वयाने सगळ्यात मोठे आप्पा, निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरलेली. रेकॉर्डर कुठे असतो ते त्यांनी चौथीतल्या पोरीला विचारलं. पहिलं ध्वनिमुद्रण त्यांनीच ऐकवलं, आम्ही चौघं लाजत होतो तेव्हा. जमत नाही म्हणणारे तरुणही मी पाहिले आहेत. वयापेक्षा भीती मोठी असते, आणि आपली तीन मिनिटं कुणी साहेबांकडे नेणार नाही एवढी खात्री मिळाली की ती कमी होते.

राहिली शेवटची मागणी, मोबाईल काढून घ्या. पालक चिडून हे म्हणतात ते मी समजू शकते. त्यांना बाई वर्गात मोबाईलवर दिसतात. पण त्या वेळी बाई काय करत असतात हेही त्यांनी विचारावं. पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, यू-डायस या सरकारी शाळा-माहिती नोंदीची दुरुस्ती, कुठल्या तरी दिवसाच्या कार्यक्रमाचे फोटो आजच्या आज पाठवा, ही लिंक दुपारी दोनपर्यंत भरा. या सगळ्यातून माझ्या शिकण्यासाठी तो मोबाईल दिवसातून पाच मिनिटंही मोकळा होत नाही. काढायचं असेल तर हे काम शाळेच्या वेळेतून काढा. त्यासाठी पालकांनी आवाज उठवला तर मी त्यांच्या शेजारी उभी राहीन. त्या मजकुराने हे मागितलं असतं तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

पालकांच्या गटावर मी एवढंच लिहिलं की ज्यांना शंका आहे त्यांनी शाळेत यावं, वर्गात बसावं. तिघं येऊन गेले. त्यातल्या एका वडिलांनी विचारलं, माझ्या पोराचा आवाज त्यात आहे का? मी त्यांना त्यांच्या मुलाचा तेवढा भाग ऐकवला. तो अहिराणीत चिंचोके कसे मोजले ते सांगत होता, पूर्ण दीड मिनिट. वडील म्हणाले, घरी तो इतकं बोलत नाही. या महिन्याच्या परिषदेला मी तोच तुकडा नेणार आहे, कारण त्या दीड मिनिटात मी त्याला दोनदा मधे तोडलंय आणि दोन्ही वेळा का तोडलं ते माझं मलाच अजून कळलेलं नाही.