सुभद्रेला यमक कळत होतं का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर पुणेकरांचं जुनं भांडण परत पेटलंय. संगीत नाटकातली माणसं ऐन संकटात गात काय बसतात, पदं कापा आणि दोन तासात आटपा असं मामेभाऊ म्हणतो, तर मावशी म्हणते मग राहिलं काय. मी इकडे न्यू जर्सीत, आणि इथल्या नाटकवेड्यांना गाण्याचं काही वाटतच नाही, ते भलत्याच गोष्टीवरून वाद घालतात: आपण यमकात बोलतोय हे पात्राला माहीत असतं का?

हसू नका. 'हॅमिल्टन' या अमेरिकन संगीत नाटकात कॅबिनेटची मीटिंग म्हणजे चक्क रॅप बॅटल, जेफरसन आणि हॅमिल्टन हातात माईक घेऊन एकमेकांची उतरवतात, म्हणजे त्यांना माहीत असणारच. पण 'वेस्ट साइड स्टोरी'तली मारिया? ते 1957 चं नाटक, गाण्यांचे शब्द स्टीफन साँडहाइमचे, आणि पुढे त्यालाच स्वतःचे शब्द खुपायला लागले. नुकतीच पोर्टोरिकोहून आलेली साधी पोरगी, ती 'अलार्मिंग'ला लगेच 'चार्मिंग' कशी जुळवेल, ही तर बड्या लोकांच्या दिवाणखान्यात शोभेल! त्याने सोपे शब्द करूनही दिले, बाकीच्यांनी ऐकलं नाही. हिशोब त्याचा असा की जास्त यमकं म्हणजे डोकं तल्लख, शिक्षण भरपूर.

इथे माझं त्याच्याशी जमत नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जात्यावर आणि शेतात काम करता करता त्या यमकं रचत होत्या, आणि चांगलं कळून रचत होत्या. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्याकडच्या किती बायकांनी शाळा पाहिली होती? 1882 च्या 'सौभद्र'मधली सुभद्रा घ्या. दादा बलराम तिला दुर्योधनाच्या गळ्यात बांधायला निघालाय आणि ही बाई 'शरण', 'हरण', 'चरण' एकापाठोपाठ एक लावते. मला त्यात हुशारी दिसत नाही, दुःख असं घोळवून म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. तिला यमक कळतंय, आपण गातोय हे मात्र कळत नसावं, असं माझं मत. (कट्यारवाल्यांनी मधे पडू नये, तिथे सगळे गवईच.)

मामेभावाचं एक मात्र खरं. वन्स मोअर मिळाला आणि तेच संकट परत पहिल्यापासून सुरू झालं की सुभद्रा गेली, उरला तो गाणारा नट. कापायचंच तर ते कापा.

आणि साँडहाइमच्या मारियाबद्दल सांगायचं तर पोर्टोरिकोच्या खेड्यापाड्यात देसिमा नावाचा प्रकार आहे, दहा ओळी, यमकाचे नियम कडक, आणि लोकगायक तो उभ्या उभ्या रचतात. इंग्रजी तिचं कच्चं असेल एक वेळ, पण यमक जुळवायला तिला कुणाच्या दिवाणखान्यात जायची गरज नव्हती.