इथली थंडी आणि सातारा रोडचा सायकल ट्रॅक

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडे घड्याळं एक तास मागे जातात, आणि सोमवारी सव्वापाचला ऑफिसमधून बाहेर पडलं की एकदम अंधार. कोपनहेगनमधला हा माझा सातवा हिवाळा, तरी त्या सोमवारी दरवर्षी मन जरा खट्टू होतंच. घरी येऊन जाड हातमोजे शोधले, लाईट चार्जिंगला लावले, चेनला तेल घातलं.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर मावसभावाने लिहिलं की पुण्यातल्या सातारा रोडचा सायकल ट्रॅक उखडून रस्ता रुंद करून टाकावा, कोणी वापरत नाही, आपल्या हवेत सायकल शक्यच नाही, घामाने भिजून ऑफिसला कोण जाणार, तुमच्याकडे थंड हवा म्हणून जमतं. दहा जणांनी अंगठे दिले. तो धनकवडीला राहतो, रोज त्या ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्याचा वैताग मला कळतो. पण ते "थंड हवा म्हणून जमतं" डोक्यातून जाईना.

थंड हवा म्हणजे काय ते सांगते. नोव्हेंबरात पाच-सहा डिग्री, त्यात समुद्रावरचं वारं, आणि ते कायम समोरूनच येतंय असं वाटतं. पाऊस आपल्यासारखा धो धो नाही, बारीक आणि आडवा, दिवसभर. पहिल्यांदा बोटं जातात, मग कान. झाडांची ओली पानं ट्रॅकवर पडलेली असतात त्यावर वळताना चाक सरकतं, मी पहिल्या वर्षी पडले होते, कोपर महिनाभर दुखत होतं. डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आत मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो, म्हणजे जाताना अंधार, येताना अंधार. ही हवा सायकलला चांगली आहे असं इथला एकही माणूस म्हणणार नाही.

तरी सकाळी राणी लुईसच्या पुलावर सायकलींची रांग असते. शाळेत जाणारी मुलं, सूट घातलेले, पुढच्या पेटीत दोन पोरं बसवून चालवणाऱ्या आया, सत्तरीतल्या आज्या. कारण ट्रॅक रस्त्यापेक्षा उंच आहे, मध्ये दगडी कड आहे, गाडी अंगावर येत नाही. नॉरब्रो भागातल्या मेन रोडवर सकाळी शहराकडे जाताना ताशी २० किलोमीटरने गेलं तर सिग्नल एकामागून एक हिरवे मिळत जातात, पाय खाली टेकवावा लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बर्फ पडला की मी निघायच्या आधी एक छोटा ट्रॅक्टर पुढे गोल ब्रश लावून मोठ्या ट्रॅकवरून गेलेला असतो, मागे मिठाचं पाणी मारत. आमच्या गल्लीत अजून घोट्याएवढा बर्फ असतो आणि ट्रॅक काळा, ओला, मोकळा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, की माझ्यासारख्या सायकलवाल्या बाईसाठी कोणीतरी पहाटे उठून हे केलंय.

आणि हे यांच्या रक्तात वगैरे होतं असंही नाही. साठच्या दशकात हे शहरसुद्धा गाड्यांनी भरलं होतं. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी गाड्यांना बंदी आली, नंतर लोकांनी मोर्चे काढले, सायकलवाले जिथे मेले तिथे रस्त्यावर पांढरे क्रॉस रंगवले. मागून, भांडून मिळालंय हे. गाडीवरचा टॅक्सही जबरदस्त आहे, आणि शहर सपाट आहे, ते मान्यच. कात्रजचा चढ इथे नाही, एप्रिल-मेचं दुपारचं ऊन नाही, त्याबाबतीत मावसभाऊ बरोबर आहे. पण पुण्यात जून ते फेब्रुवारी, पाऊस धरूनसुद्धा, सायकलला इथल्यापेक्षा किती तरी बरी हवा असते.

पुणे तर सायकलींचंच शहर होतं ना. बाबा दापोडीहून खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत सायकलनेच जायचे. भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा असं ते सांगतात, आणि दिवा नसला, डबल सीट असलं की पोलीस पकडायचे म्हणून डायनामो कायम चालू ठेवायचे. इथेही अंधारात बिनलाईटचं गेलं की दंड होतो, ते ऐकून बाबांना फार बरं वाटलं होतं.

महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरहून जास्त ट्रॅकचा. त्याच डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या, मला इथे बसून किती आनंद झाला होता, काही वर्षांत त्या दिसेनाशाही झाल्या. सातारा रोडचा ट्रॅक मी मागच्या जानेवारीत स्वतः चालवून पाहिला. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच विजेचा डीपी बॉक्स, मध्येच लावलेल्या टू-व्हीलर, एके ठिकाणी वाळूचा ढीग. चारशे मीटरमध्ये तीनदा उतरले. अशा ट्रॅकवर कोणी दिसत नाही म्हणून तो नको हे मला अजिबात पटत नाही. इथलाही ट्रॅक एक आठवडा झाडला नाही, त्यावर गाड्या लावू दिल्या, तर पुलावरची ती रांग आटेल. ट्रॅक बांधायला आपल्याकडे बजेट निघतं, रोज सकाळी तो मोकळा ठेवायचं काम नक्की कोणाचं ते ठरत नाही, भांडायचं तर त्यावर भांडूया.

आणि कोणी वापरत नाही हेही खरं नाही. मावसभावाच्याच सोसायटीचे वॉचमन काका कात्रजहून सायकलने येतात. जानेवारीत सकाळी सहाला मी फिरायला निघाले तेव्हा ते आत शिरत होते, मफलर, माकडटोपी, सायकलला लाईट नाही. म्हटलं काका ट्रॅकवरून का येत नाही, तर म्हणाले, "ताई, अंधारात त्यात खड्डा दिसत नाही, रस्त्याने निदान गाड्यांचा उजेड असतो." पेपरवाला सायकलवर, बिगारी कामाला जाणारे कितीतरी सायकलवर, पण आपल्या चर्चेत सायकलवाला म्हणजे रविवारी हेल्मेट घालून खडकवासल्याला जाणारा.

मावसभावाला मी एवढंच लिहिलं, की ट्रॅक काढा म्हणून अर्ज देण्याआधी एकदा काकांना विचार. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. बाबांनी मात्र फोन केला आणि काकांच्या सायकलला डायनामो बसेल का ते बघायला ते या शनिवारी धनकवडीला जाणारेत.