‘आकडे बनावट आहेत’ या शेऱ्याला आमचं उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमचा एक ताऱ्याचा शेरा वाचला. तुमच्या पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही बनवलेला डॅशबोर्ड (कामाचे आकडे दाखवणारी स्क्रीन) उशिरा मिळाला, फोन उचलत नाहीत, मागाहून जादा पैसे मागितले आणि ‘टॅटचे (रिपोर्ट जायला लागलेल्या वेळेचे) आकडे बनावट आहेत, दोन तासांत जाणारा रिपोर्ट पाच तास दाखवतात’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. सकाळच्या गर्दीत स्क्रीन अडली आणि पलीकडून कोणी फोन उचलला नाही, तर राग येणारच.

उशीर आणि पैसे याबद्दल थोडक्यात सांगते. तुमचं मूळ लिम्स, म्हणजे बिलं आणि रिपोर्ट सांभाळणारं लॅबचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या कंपनीचं आहे. त्यांच्याकडून डेटाबेस वाचायची परवानगी मिळेपर्यंत आम्हाला हात बांधून बसावं लागलं, आणि चालू लिम्सवर माहिती काढणाऱ्या क्वेऱ्या थेट सोडून तुमचं बिलिंग ठप्प करणं मला मान्य नव्हतं. जादा रक्कम कलेक्शन सेंटरनिहाय स्क्रीनची होती. ती स्क्रीन मूळ कोटेशनमध्ये नव्हती, तुम्ही नंतर सांगितलीत.

पण ‘बनावट’ हा शब्द मला सोसत नाही. सांगली, मिरज, कोल्हापूर भागातले लॅबवाले एकमेकांना विचारूनच काम देतात. आमची कंपनी छोटी आहे, आणि आमचे आकडे खरे असतात एवढ्या विश्वासावरच ती चालते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

डॅशबोर्डवरचा टॅट आम्ही कुठून आणत नाही. लिम्समध्ये प्रत्येक सॅम्पलला चार वेळा नोंदलेल्या असतात: बिल झालं ती, सॅम्पल लॅबमध्ये स्वीकारलं ती, मशीनवरून रिझल्ट आला ती आणि तुम्ही रिपोर्ट ॲप्रूव्ह केलात ती. आम्ही फक्त वजाबाकी करतो. ही वजाबाकी कुठून कुठपर्यंत करायची हे लॅबने ठरवायचं असतं. एनएबीएल या संस्थेची लॅबना मान्यता ज्या आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे मिळते, त्यातही टॅट म्हणजे ठरवलेल्या दोन टप्प्यांमधला वेळ. ‘बिल ते ॲप्रूव्हल’ असं आपण कागदावर ठरवलं आणि त्यावर तुमची सही आहे.

आता तुमचे पाच तास कसे होतात ते पाहा. पेशंट साडेसातला उपाशीपोटी येतो. फास्टिंग (उपाशीपोटीची) आणि पीपी (खाल्ल्यानंतरची) दोन्ही शुगरचं बिल काउंटरवर एकदमच होतं. तो घरी जाऊन खातो, खाल्ल्यावर दोन तासांनी परत येतो, म्हणजे पीपीचं रक्त घेईपर्यंत साडेदहा वाजतात. रिपोर्ट साडेबाराला गेला, तर रक्त घेतल्यापासून दोन तास आणि बिलापासून पाच. तुमचे दोनही खरे आहेत आणि स्क्रीनवरचे पाचही. फरक घड्याळ कुठे सुरू केलं याचा आहे. याला खरा उपाय एकच, रक्त घेताना ट्यूबवरचा बारकोड स्कॅन करायचा, म्हणजे ती वेळही नोंदली जाते. ट्रेनिंगमध्ये आम्ही हे करून दाखवलं होतं. तुमच्या काउंटरवरच्या मुलांना गर्दीत ते जमत नाही, हेही मी समजू शकते.

आणि आकडे नेहमी तुमच्या विरुद्धच जातात असंही नाही. होम कलेक्शनचं रक्त पहाटे साडेसहाला घेतलं जातं, पण रक्त गोळा करणारा मुलगा फिरून नऊला परत आल्यावर बिल होतं. तिथे अडीच तास मोजलेच जात नाहीत आणि टॅट उत्तम दिसतो. त्या आकड्यांना कोणी बनावट म्हटलं नाही.

पुढचं जाहीर लिहायला मला बरं वाटत नाही, पण तुम्ही जाहीर लिहिलंत. टप्प्याटप्प्याची स्क्रीन उघडली की दिसतं, मशीनवर वेळ जात नाही. रक्त साखळायला अर्धा तास, सेंट्रीफ्यूजला दहा मिनिटं, मग मशीन. हे सगळं तुमच्याकडे वेळेत होतं, तुमचे टेक्निशियन हुशार आहेत. दुपारी रिझल्ट येऊन पडलेले असतात आणि ॲप्रूव्हलची वाट बघत थांबतात. तुम्ही त्या वेळी हॉस्पिटलला असता, हे मला माहीत आहे. एका पॅथॉलॉजिस्टवर किती भार असतो हेही मी जवळून पाहिलंय. म्हणूनच सरासरीच्या शेजारी ‘दहातले नऊ रिपोर्ट इतक्या वेळात गेले’ असा आकडा ठेवला. लवकर गेलेल्या शेकडो रिपोर्टांच्या सरासरीत अडकलेले थोडे रिपोर्ट दिसतच नाहीत. कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ते आधीपासूनच वेगळं काढलं आहे.

तुम्ही घड्याळ मशीनपासून सुरू करायला सांगितलंत, तेव्हा मी नाही म्हटलं. बहुतेक तिथेच तुम्ही दुखावलात. पण तसं केलं असतं तर स्क्रीन हिरवीगार झाली असती आणि पेशंट बाकावर तेवढाच वेळ बसला असता. ‘मशीन ते ॲप्रूव्हल’ ही वेगळी पट्टी करून द्यायला मी तेव्हाही तयार होते, आजही आहे, तिच्यावर तसं स्पष्ट लिहून. ‘टॅट’ या नावाखाली मात्र ती दाखवणार नाही.

पीपीचं घड्याळ सॅम्पल स्वीकारल्यापासून चालू होईल असा बदल करतो आहोत, त्याचे पैसे लागणार नाहीत. फोनचंही बघतो, सकाळी कोणीतरी उपलब्ध राहील अशी व्यवस्था लावतो आहोत. काउंटरवरच्या मुलांना बारकोडचं पुन्हा एकदा दाखवायचं असेल तर कळवा, येऊन जाऊ.

आणि एक विनंती. कोणत्याही दिवसाचे वीस सॅम्पल तुम्हीच निवडा, लिम्समधली वेळ आणि डॅशबोर्डवरची वेळ शेजारी ठेवून आपण तपासू. जुळल्या तर उशीर, फोन, पैसे याबद्दलची तुमची नाराजी आणि तो एक तारा तसाच राहू द्या. पण ‘बनावट’ हा शब्द तेवढा काढा.