फुकट गेलेला दिवस

काल रात्री घरच्या ग्रुपवर ट्रिपचे फोटो टाकले. आज सकाळी बघते तर एका भाऊजींचा मेसेज, "अमृतसरपर्यंत गेलात आणि एक अख्खा दिवस फिरोजपूरला फुकट घालवलात? तिथं आहे काय बघण्यासारखं?" त्याखाली बाकीच्यांचे हसरे चेहरे. ग्रुपवर मी काही बोलले नाही, उगाच वाद नको. पण दिवसभर तो 'फुकट' शब्द डोक्यातून गेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

भाऊजी, तिथं राजगुरू आहेत.

आपले. पुणे जिल्ह्यातल्या खेडचे. शिवराम हरी राजगुरू. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ही तीन नावं आपण शाळेत एका दमात म्हणायचो. त्या तिघांना २३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी दिली. ठरलेली वेळ २४ तारखेच्या सकाळची होती, पण लोक खवळतील या भीतीने आदल्या संध्याकाळीच उरकलं. मग रात्री गुपचूप देह बाहेर काढून सतलजच्या काठावर घाईघाईत जाळले. ती जागा म्हणजे हुसैनीवाला, फिरोजपूर शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. फाळणीत ती पाकिस्तानात गेली होती. १९६१ साली आपण बारा गावं देऊन ती परत घेतली. बारा गावं! एका समाधीच्या जागेसाठी! आणि आपण विचारतो, तिथं आहे काय.

त्या दिवशी आम्ही अमृतसरहून पहाटेच निघालो. समाधीपाशी पोचलो तेव्हा गर्दी अशी नव्हतीच. एक म्हातारे सरदारजी खाली बसून खांद्यावरच्या फडक्याने पायरीवरची पक्ष्यांची घाण पुसत होते. ते तिथले कर्मचारी नव्हते. शेजारच्या गावचे, नातवाला घेऊन आलेले. आधी एक कोपरा पाण्याने भिजवायचा, मग पुसायचं, मग फडकं पिळून पुढचा कोपरा, असं सावकाश चाललं होतं. आमची एमएच १४ ची गाडी त्यांनी बाहेर पाहिली असावी. उठले, हात पुसले आणि म्हणाले, "महाराष्ट्र? राजगुरू दे पिंडों?"

राजगुरूंच्या गावाहून का?

आता माझं माहेर खेड तालुक्यातलंच. मी मोठ्या तोऱ्यात "हो" म्हटलं. त्यांनी माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि हिंदीत विचारलं, "त्यांचं घर कसं आहे?"

मला सांगता आलं नाही.

राजगुरुवाडा भीमेच्या काठावर आहे, एवढं मला माहीत आहे. पण मी आत कधी गेलेलेच नाही. नाशिक रस्त्याने त्या गावातून शेकडो वेळा गेले असेन. दरवेळी डोक्यात एकच, ट्रॅफिक कधी सुटतंय. सुरुवातीला ग्रुपवर हसणारी माणसं बघून मला राग आला होता, पण लिहिता लिहिता कळतंय की त्यातला बराचसा राग स्वतःवरचाच आहे. दीड-दोन हजार किलोमीटरवरचा एक शेतकरी आमच्या माणसाची पायरी पुसतो, आणि मला त्या माणसाच्या घराचा दरवाजा कसा आहे हे सांगता येत नाही.

वाघा सीमेवरची परेड भव्य असते, मान्य. आम्हीही आदल्या दिवशी पाहिली, अंगावर काटा आला. फिरोजपूरला राहण्याखाण्याची तशी सोय नाही, हेही खरं. पण गाव म्हणून बघा तरी! छावणीतला सारागढीचा गुरुद्वारा १२ सप्टेंबर १८९७ ला लढता लढता पडलेल्या एकवीस शीख सैनिकांच्या आठवणीत उभा आहे. तूडी बाजारात ते घर आहे, खाली औषधांचं दुकान आणि वर क्रांतिकारकांचा अड्डा असलेलं. बाजाराची गल्ली इतकी अरुंद की नवरा म्हणाला, "पोलीस आले असते तर पळायचे कुठून?" आम्ही दोघं बराच वेळ वर बघत उभे होतो. मग हुसैनीवाल्याचे रूळ. एकेकाळी गाडी लाहोरकडे जायची, आता रूळ तिथेच संपतात. वर्षात २३ मार्च आणि बैसाखीला तेवढी खास गाडी येते.

आणि बटुकेश्वर दत्त! असेंब्लीत भगतसिंगांबरोबर बॉम्ब टाकणारे. ते १९६५ साली गेले. त्यांची इच्छा होती की आपले अंत्यसंस्कार मित्रांजवळ व्हावेत. ते हुसैनीवाल्यालाच झाले. भगतसिंगांच्या आई विद्यावतींचेही तिथेच. ही सगळी नावं एका आवारात वाचताना नवरा एकदम गप्प झाला. एरवी गाडीत गाणं लावल्याशिवाय न राहणारा माणूस, परत येताना तासभर एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी तिथल्या सीमेवर झेंडा उतरवण्याच्या सोहळ्याला, म्हणजे रिट्रीटला, सरदारजी आणि नातू आमच्या शेजारीच बसले. जागा छोटी, पलीकडच्या बाजूचे चेहरेसुद्धा दिसतात. पोरगा घसा फोडून घोषणा देत होता. म्हातारबाबा शांत. निघताना त्यांनी माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर टाकायला लावला आणि म्हणाले, "बेटी, घराचा फोटो पाठव. मला तिथवर येणं आता व्हायचं नाही."

आठ दिवस झाले परत येऊन. फोटो अजून पाठवलेला नाही. मेसेज उघडते आणि बंद करते.

भाऊजी, तुमच्यावर राग नाही. सकाळी होता, आता नाही. तुम्हीही चाकणला राहता, खेडवरून तुम्हीही जाता.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही राजगुरुवाड्यावर जातोय. गाडीत मागे दोन जागा रिकाम्या आहेत. वहिनींना घेऊन या, फोटो तुम्हीच काढा, तुमचा फोन चांगला आहे.