तारेचा सांधा आमची चूक, पण मॉसफेट न देण्यावर मी ठाम आहे

आमच्या वायंडिंगच्या दुकानाबद्दलचा तुझा अभिप्राय वाचला. दुकानात मी तुला अरे-तुरे करतो आणि तू मला काका म्हणतोस, तेव्हा इथे चारचौघांत उगाच 'आपण, आपले' लिहीत बसत नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. हा मुलगा घरी पहिलीच सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जोरावर हवेत ठिणग्या सोडणारं यंत्र, बनवतोय. त्याचं म्हणणं असं, की आमच्याकडून घेतलेली ३२ गेजची तार मध्येच सांधलेली निघाली. आमच्या मॉसफेटच्या (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) तीन जोड्या, म्हणजे सहा नग, कॉइल चालू करताच उडाले, म्हणजे माल बनावट असणार. चौथी जोडी मागायला आला तर मी गिऱ्हाइकांसमोर झापलं आणि विकायलाच नकार दिला. आणि सांगलीच्या वायंडिंगवाल्यांना पंपापलीकडे काही कळत नाही. एक तारा.

आधी तारेचं, कारण तिथे तुझं म्हणणं खरं आहे. आमच्याकडे तार वजनावर जाते. तुला लागणारी तार दीडशे ग्रॅमसुद्धा नव्हती. मोठ्या रिळावरून छोट्यावर भरताना ती तुटली आणि आमच्या कारागिराने पीळ देऊन, डाग मारून, वर स्लीव्ह चढवून जोडली. मोटरच्या कामात असे सांधे रोज होतात. सांधा खाचेच्या बाहेर घ्यायचा, नीट बांधायचा, वॉर्निश पाजायचं, की पंप वर्षानुवर्षं चालतो. त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण तुझी सेकंडरी, म्हणजे ठिणगी सोडणारी उभी कॉइल, ही ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपावर एकाच थरात, एकमेकांना चिकटून घातलेले हजारेक वेढे, जवळपास २३५ मीटर तार. तिथे तांदळाएवढा उंचवटाही चालत नाही. सांध्यापाशी शेजारचे वेढे उचलले जातात, एनॅमल खरवडलेलं असतं, आणि व्होल्टेज हजारोंत चढलं की ठिणगी वरच्या गोळ्यापर्यंत जायची वाट न बघता तिथूनच बाहेर पडते. तू टाकलेल्या फोटोत पाइपाच्या वरच्या भागात काळी रेघ उमटली आहे, ती त्याचीच.

'काका, सलग तार द्या' असं तू स्पष्ट म्हणाला होतास. तीन रात्री जागून हाताने ते वेढे घातलेस हेही सांगितलं होतंस. माझं आयुष्य वायंडिंगमध्ये गेलं आहे, घातलेले वेढे उसवताना काय वाटतं ते मला कोणी सांगायला नको. तारेचे पैसे परत. नवी सलग तार मी स्वतः भरून, तुझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली आहे, तिचेही पैसे नाहीत. यंत्रावर वेढे घालून हवे असतील तर पाइप आणून दे. पाइप आधी नीट वाळव आणि वॉर्निशचा एक हात मार, पीव्हीसीवर ओल धरलेली चालत नाही.

आता मॉसफेट. बनावट मालाचा आरोप मी हलक्यात घेत नाही. बाजारात लहान चिपवर मोठा नंबर छापलेले नग येतात, हे खरंच आहे. म्हणून त्याच नळीतले उरलेले सगळे आयआरएफपी ४६० काढून एकेकाच्या गेटची, म्हणजे मॉसफेट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या टोकाची, कपॅसिटन्स मोजली. डेटाशीटमध्ये ती ४२०० पिकोफॅरड दिली आहे. लहान चिपवाले नग त्याच्या कितीतरी खाली दाखवतात. आमचा एकही खाली आला नाही. तू काउंटरवर आपटून गेलेला जळका नगही पकडीत धरून फोडला. आत चिप चांगली ऐसपैस होती आणि तिच्या मधोमध वितळून खड्डा पडला होता. खरा माल होता तो, उष्णतेने गेला.

मग तुझा फोटो मोठा करून पाहिला. गेट ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे गेटपर्यंत इशारा पोचवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं, कडं पिवळं आहे आणि त्याची एक बाजू पांढरी. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्यातून, काढलंस ना? ते लोखंडाच्या भुकटीचं कडं. तिथे ते चोक म्हणून, करंटचे चढउतार दाबायला, असतं आणि ते काम चोख करतं. पण गेट ट्रान्सफॉर्मरला फेराइट, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकचं कडं, लागतं. मी दोन्हींवर दहा-दहा वेढे घालून मीटरवर पाहिलं. पिवळ्यावर १० मायक्रोहेन्रीच्या आसपास, फेराइटवर ४०० च्या वर. तुझी कॉइल साडेतीनशे-चारशे किलोहर्ट्झला वाजत असणार. त्या वेगाला पिवळं कडं ड्रायव्हर आयसीचा सगळा जोर स्वतःच खाऊन टाकतं, आयसी तापते आणि गेटला खणखणीत चौकोनी लाट मिळायच्या जागी मरगळलेलं काहीतरी मिळतं. गेट पूर्ण उघडतही नाही, पूर्ण मिटतही नाही. मेन लाइनचा डीसी केला की ३२५ व्होल्ट होतात, तेवढ्या दाबाखाली अर्धवट उघड्या मॉसफेटमधून करंट वाहिला की तो भट्टीसारखा तापतो. एक शॉर्ट झाला की दुसऱ्यावर सगळा भार येतो, म्हणून तुझे दर वेळी जोडीने गेले. फेराइट घातल्यावरही गेटची दोन वायंडिंगं एकमेकांच्या उलट आहेत ना हे पाहायचं, नाहीतर दोन्ही मॉसफेट एकदमच उघडतील. आणि सगळं बरोबर असून कॉइल जागीच होत नसेल तर प्रायमरीची, म्हणजे सेकंडरीला जोर देणाऱ्या मोजक्या वेढ्यांच्या कॉइलची, दोन टोकं अदलाबदल करून बघायची.

तुला लागणारं फेराइट त्याच एसएमपीएसमध्ये आहे. जिथून मेन लाइन आत येते तिथे बहुतेकांमध्ये दोन वेगळी वायंडिंगं असलेलं काळं किंवा हिरवं कडं असतं. ते घे. पिवळ्यापासून चार बोटांवर असेल.

आता त्या संध्याकाळचं. चार गिऱ्हाइकांसमोर मी आवाज चढवला, ते चुकलं. तुझी माफी मागतो. पण माल दिला नाही यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि का ते तू अभिप्रायात लिहिलेलं नाहीस. तू अंगठा दाखवला होतास. मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका, भोवती लाल. मी विचारलं तर हसून म्हणालास, "काही होत नाही काका, हाय फ्रिक्वेन्सी आहे, कातडीवरूनच जाते." त्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या फ्रिक्वेन्सीला नसा झटका देत नाहीत, म्हणून कळत नाही. मांस भाजायचं ते भाजतंच. आणि एखादी ठिणगी सेकंडरीवरून प्रायमरीवर उतरली तर तुझ्या बोटापर्यंत येणारी वीज हाय फ्रिक्वेन्सीची नसेल, भिंतीतली असेल.

मी विचारलं, सिरीज बल्ब लावलास का? नाही. फ्यूज? नाही. मोठा कपॅसिटर बंद केल्यावर रिकामा व्हायला रेझिस्टर? तेही नाही. सेकंडरीचं खालचं टोक कुठे, तर थ्री पिनच्या अर्थिंगला. म्हणजे तुझ्या घरातल्या फ्रिज, टीव्ही, सगळ्यांच्या अंगावर ती फ्रिक्वेन्सी. अशा जोडणीत मी सातवा आणि आठवा मॉसफेट विकला असता तर गल्ल्यात पैसे आले असते. मी नाही विकले, आणि पुन्हा तसाच आलास तर तेव्हाही विकणार नाही.

सिरीज बल्बला तू जुनाट म्हणालास. २०१९ च्या महापुरानंतर गाळाने भरलेल्या मोटरी आमच्या दारात रांगेत पडल्या होत्या. धुवायच्या, बल्बच्या उष्णतेने दिवसेंदिवस वाळवायच्या, आणि लाइन द्यायची ती सिरीजमधूनच. तुझ्या कॉइललाही १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये हवा. चालू करताच क्षणभर पेटून मंदावला तर कपॅसिटर भरला, ठीक आहे. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद कर. मॉसफेट वाचतो. तू थेट ३२५ व्होल्ट देत होतास. आधी ३० व्होल्टवर गेटची लाट पाहायची, मग बल्ब, मग कुठे पूर्ण दाब.

पंपाबद्दल तू लिहिलंस ते मला लागलं, पण वेगळ्या कारणाने. निकोला टेस्लाला इंडक्शन मोटरची पेटंटं १८८८ साली मिळाली, आणि त्याची ही कॉइल १८९१ ची. कृष्णाकाठी उसाला पाणी पाजणारी मोटर आणि तुझ्या खोलीत निळ्या ठिणग्या सोडणारा पाइप, ही तीन वर्षांच्या अंतरातली एकाच माणसाची कामं. मी त्यातलं एक आयुष्यभर केलं आणि दुसरं करायचं मनात असून राहून गेलं. तू ते करतोयस म्हणून तुझ्या कॉइलचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुला थांबवायला मी नकार दिला नव्हता.

तू एक तारा तसाच ठेवलास तरी माझी हरकत नाही, सांध्याबद्दल तो आम्हाला मिळायलाच हवा. पण या आठवड्यात कुठल्याही संध्याकाळी सातनंतर ये, तेव्हा गर्दी नसते. अर्थिंगसाठी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड काढून ठेवतो, तो घराच्या अर्थिंगपासून लांब, वेगळा ठोकायचा. जाळीचा पिंजरा, फ्यूज होल्डर, बल्बचा बोर्ड आहे. गेटची लाट माझ्या स्कोपवर (लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) दोघं मिळून पाहू. मेन जोडलेली असताना स्कोपची क्लिप ब्रिजला, म्हणजे मॉसफेटच्या जोडणीला, लावायची नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो. लाट चौकोनी दिसली की मॉसफेटची जोडी तिथेच तुझ्या हातात देईन. अंगठ्याला मलम लावलंस का तेही बघेन.

येताना तो जुना एसएमपीएस न विसरता आण. काळं कडं इथेच काढू.